दंडाचं मशिन की मनगटावरचं घड्याळ?

मुलं पुण्याला, आई-वडील खानापूर नाहीतर निपाणीकडच्या गावात. त्यांच्या बीपीवर लांबून नजर ठेवायची तर दुकानदार दोन वस्तू पुढं करतो: दंडाला बांधायचं ब्लूटूथचं मशिन आणि स्मार्ट घड्याळ. दोन्हींचं काम एकच, असं समजून विकत घेतलं की पैसे फुकट जातात.

मशिन पट्ट्यानं दंडातली रक्तवाहिनी दाबून दाब मोजतं. घड्याळ कातडीवर हिरवा उजेड टाकून नाडी ओळखतं. बहुतेक घड्याळांतलं बीपी हा त्या नाडीवरून बांधलेला अंदाज. काही कंपन्यांचं घड्याळ तर दर 28 दिवसांनी दंडाच्या मशिनशी जुळवून घ्यावं लागतं, म्हणजे मशिन सुटत नाहीच. सुई न टोचता साखर सांगणारं घड्याळ मात्र अजिबात नको. अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेनं, फेब्रुवारी 2024 मध्ये बजावलं होतं.

मशिन घेताना आधी दंडाचा घेर टेपनं मोजा. साधा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंटिमीटरचा असतो; दंड 35 चा असेल तर मोठा पट्टा मागवा, नाहीतर आकडा उगाच चढा येतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी बंद. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात छातीच्या उंचीवर ठेवायचा. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी 135/85 किंवा वर निघाली तर डॉक्टरांना दाखवा.

घोळ होतो तो फोनपाशी. जोडणी फोनच्या ब्लूटूथ यादीतून नव्हे, कंपनीच्या ॲपमधून करा. बऱ्याच मशिनवर 1 आणि 2 अशी दोन माणसांची सोय असते. घाईत बटण चुकलं की आईचं बीपी बाबांच्या नावावर. सेल बदलल्यावर तारीख-वेळ तपासा. ॲपला बॅटरीचे निर्बंध नकोत, नाहीतर फोन त्याला मागच्या मागे बंद करतो. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडं रेंज गेली तरी आकडे मशिनच्या आठवणीत राहतात. कोपऱ्यात टांगलेल्या कॅलेंडरवर तेवढेच लिहून ठेवायला सांगा, डॉक्टर तेच आधी बघतात.

घड्याळाची जागा वेगळी. नाडी अनियमित होते, धडधड होते, किंवा म्हातारं माणूस एकटं राहतं आणि पडायची भीती आहे, तिथं ते कामाचं. ईसीजीचं घड्याळ 30 सेकंदांत नाडीची लय दाखवतं. हार्ट अटॅक त्याला कळत नाही. पडल्यावर फोन लावणारी सोय बहुतेक घड्याळांत जवळच्या मोबाईलवरूनच चालते. मोबाईल देवळीत, माणूस गोठ्यात, तर घड्याळ मुकंच. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट हवा. हातभर काकणं असलेल्या आईच्या हातावर ते नीट बसत नाही आणि आकडे वेडेवाकडे येतात. बेळगावच्या थंडीत सकाळी हात गार असतात, तेव्हाही तसंच.

आई-वडिलांना बीपी असेल तर आधी मशिन घ्या. घड्याळ नंतर, तेही रोज चार्ज करणारं कुणी घरात असेल तरच. 180/120 च्या वर आकडा आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, तरी तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत छातीत दुखणं, धाप किंवा जीभ जड होणं असेल तर दुसऱ्या आकड्याची वाट न बघता 108 लावा.