कोबाल्ट ब्लू आणि जिवंत झाडांची काचपेटी: अकरा महिन्यांनंतर

सुरुवातीलाच सांगून टाकतो: ज्यांना कोळी बघायची हौस आहे त्यांनी या भानगडीत पडू नये. अकरा महिन्यांत माझी कोळीण मला अख्खी, आठही पाय बिळाबाहेर, अशी चौदा वेळा दिसली. हिशेब ठेवलाय, कारण बायको दर महिन्याला विचारते, "अहो, तुमची भाडेकरीण आहे ना अजून, की गेली सोडून?"

जात कोबाल्ट ब्लू टॅरेंट्युला, टॅरेंट्युला म्हणजे मोठे केसाळ कोळी. मूळची म्यानमार-थायलंडकडची. १९९६ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं तेव्हा नाव होतं हॅप्लोपेल्मा लिव्हिडम, नंतर ते सायरियोपॅगोपस लिव्हिडस झालं. निळा रंग म्हणजे रंगद्रव्य नव्हे, केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश तसा परततो. त्यामुळे खोलीच्या उजेडात ती काळपट, मातकट दिसते आणि टॉर्च पडला की एकदम मोरपंखी. अमेरिकेकडच्या अनेक जातींसारखे पाठीवरून उडवायचे खाजरे केस हिच्याकडे नाहीत. त्यामुळे चिडली की थेट पुढचे पाय वर करून सुळे दाखवते. वेग असा की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती दुसऱ्या कोपऱ्यात. चावा फार दुखतो. हातावर घ्यायचा प्राणी नाही, घरात लहान मूल असेल तर पेटीला कुलूप हवंच.

माझी पुण्याच्या मित्राकडे जन्मलेली. गेल्या गणपतीनंतर तो इंदूरला आला तेव्हा ओला टिश्यू घातलेल्या डबीतून हँडबॅगेत घेऊन आला. तेव्हा पायांसकट नऊ सेंटीमीटर होती, नर की मादी ते ठाऊक नव्हतं.

आता मातीबद्दल. यावर जरा लांबण लावणार आहे, कारण बिळात राहणाऱ्या कोळ्याच्या पेटीत खरी खरेदी मातीचीच असते, काच नंतर. आम्ही रामबागेत राहतो, दारात कुदळ मारली की माळव्याची काळी माती. वाटलं, फुकटात काम झालं. बादलीत भरून ओली केली, बोटाने बोगदा पाडला आणि सुकू दिली. चौथ्या दिवशी बोगदा दुभंगून त्याला बोटभर भेगा. काळी माती पाण्याने फुगते आणि सुकताना आकसते, कपाशीला ते चालतं, बिळाला नाही. शेवटी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पाच भाग, पिवळसर माती तीन भाग, बांधकामाच्या ढिगाऱ्यातली नर्मदेची वाळू धुऊन एक भाग, असं जमवलं. मिश्रण ओलसर असताना मुठीत दाबलं तर लाडू वळला पाहिजे आणि लाडवातून पाणी टपकता कामा नये.

पेटी सियागंजच्या बाजूच्या एका काचवाल्याकडून करून घेतली, ४५ सेंटीमीटर लांब, ३० रुंद, ४५ उंच. माती ३० सेंटीमीटर. एवढी कशाला, असं काचवाल्यानेही विचारलं. एक तर ही जात खोल खणते. दुसरं, माती ते झाकण हे अंतर कमी हवं, कारण टॅरेंट्युला काचेवर चढून पडला तर पोट फुटून मरू शकतो. माती थराथराने दाबून भरायची असते. आईकडे खलबत्त्यातला बत्ता मागितला, नाही मिळाला. लाटण्याने भागवलं. कोणतं लाटणं ते इथे लिहीत नाही.

झाडांच्या पेट्यांमध्ये तळाला खडी आणि त्यावर जाळी घालतात, ती मी घातली नाही. ही बाई तळापर्यंत जाणार, जाळी उचकटणार आणि खडी बिळात ओढणार. त्याऐवजी कोपऱ्यात अर्ध्या इंचाची पीव्हीसी नळी उभी केली, खालचं टोक तिरकं कापलेलं. पाणी नळीतून थेट तळाला जातं. खालचा तिसरा हिस्सा ओला, वरचा जवळपास कोरडा. ही एक गोष्ट मला शंभरपैकी शंभर मार्क देऊन सांगाविशी वाटते. वरून फवारे मारत राहिलात तर पाणी खाली पोचत नाही, पण बुरशी मात्र न चुकता येते.

चूक झाली ती झाडांत. नर्सरीतून आणलेली मनीप्लँट, सिंगोनियम, फिटोनिया आणि एक छोटा नेचा, कुंडीतून काढून सरळ लावून टाकले. मातीतली घाण साफ करायला स्प्रिंगटेल सोडले, हे मिलिमीटरभर पांढरे किडे बुरशी खातात. दोन दिवसांत सगळे मेलेले, पाण्यावर पिठासारखे. झाडांवर कीटकनाशक असणार, दुसरं काय. बरं झालं, कोळीण तोवर डबीतच होती. सगळं उपसलं, माती फेकली, झाडांची मुळं वाहत्या पाण्याखाली धुतली आणि सहा आठवडे गच्चीत नव्या मातीत ठेवली. मग पुन्हा स्प्रिंगटेल सोडले, यावेळी पंधरा दिवसांनी पिल्लंसुद्धा दिसली. तेव्हाच तिला आत सोडलं. सोबत बारके पांढरे आयसोपॉड, हे कुजकं खाणारे अनेक पायांचे जीव. पहिल्या महिन्यात लाकडावर कापसासारखी बुरशी आली होती, तिला हात लावला नाही, या मंडळींनी खाऊन टाकली.

नेचा मे महिन्यात गेला. फिटोनिया तीनदा गाडली गेली, तीनदा वर आली. मनीप्लँटबद्दल काय बोलणार, ते दगडावरही जगेल. पण त्याची मुळं काचेच्या कडेने खाली उतरलीत आणि बीळ त्यांच्यामधून गेलंय, मांडवाला बांबू असावेत तसं. अकरा महिन्यांत बीळ एकदाही ढासळलेलं नाही. झाडं शोभेसाठी आणली होती, कामाला आली.

एका रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीतून भुट्ट्याचा कीस खाऊन साडेबाराला परतलो. दिवा न लावता लाल टॉर्च मारला तर बाई कामावर. सुळ्यांनी आणि तोंडाजवळच्या छोट्या पायांनी मातीचा बोराएवढा गोळा धरलेला, त्यावर रेशमाचे दोन-तीन वळसे. उलट्या पावली बिळातून वर आली, तोंडाशी थांबली, एक पाय बाहेर काढून चाचपलं. मग गिरकी घेऊन गोळा नेमका फिटोनियाच्या मधोमध ठेवला आणि पुढच्या पायाने दाबला. दाबला म्हणजे थोपटलाच. पुन्हा खाली. मी वीस मिनिटं उकिडवा बसलो होतो, तेवढ्यात अकरा फेऱ्या. सकाळी फिटोनिया दिसत नव्हती.

जानेवारीच्या शेवटी बिळाचं तोंड माती आणि जाळ्याने बंद. आठवडा झाला, पंधरवडा झाला, महिना झाला. खाणं नाही, हालचाल नाही. मित्राला फोन केला तर म्हणाला, "खणलंस तर माझ्याशी बोलू नकोस." कात टाकताना ती उताणी असते आणि अंग मऊ असतं, तेव्हा धक्का लागला तर संपलंच. आत एखादं जिवंत झुरळ राहिलं तर तेही तिला कुरतडतं. अडतिसाव्या दिवशी तोंड उघडलं आणि बाहेर चुरगाळलेली कात पडलेली. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून ती पसरली. पोटाच्या आतल्या बाजूला चार पांढरे ठिपके, म्हणजे पुस्तकी फुप्फुसांची (कोळ्याच्या श्वासाच्या, पानांसारख्या थरांच्या इंद्रियांची) अस्तरं, आणि वरच्या दोहोंच्या मध्ये शुक्रकोष, नराचं शुक्र साठवायची मादीकडची पिशवी. मादी! नर प्रौढ झाल्यावर फार जगत नाहीत, मादी मात्र अनेक वर्षं राहते. बायकोला ही बातमी कशी सांगायची यावर विचार करण्यात एक दिवस गेला.

इंदूरच्या हवेचं म्हणाल तर थंडीत मी बाहेरून काही तापवलं नाही, पेटी आतल्या खोलीत भिंतीला लावली, एवढंच. तळाखाली हीटिंग पॅड मुळीच ठेवू नका. ती उष्णता टाळायला खाली जाते आणि खालीच भाजून निघेल. मेमध्ये खोलीत ३७ अंश होते तेव्हा मातीत तळाशी लावलेल्या थर्मामीटरवर ३१. रात्री माळव्याची हवा उतरते, ती वेगळी मदत. तिने त्या महिन्यात बीळ आणखी खोल केलं, मी नळीतून दर चार दिवसांनी ग्लासभर पाणी घातलं.

खायला दहा दिवसांनी एक पैदाशीचं झुरळ. घरातली झुरळं नाहीत, औषध मारलेली असू शकतात. त्याच कारणासाठी त्या खोलीत डासांचं मशीन बंद. दिवा साधा एलईडी, नऊ तास, झाडांपुरता. पहिलं झाकण तारेच्या जाळीचं होतं, एका रात्री तिच्या पायाचं नख त्यात अडकलं. सुटलं, पाय शाबूत राहिला, पण दुसऱ्याच दिवशी भोकं पाडलेलं अॅक्रिलिक बसवलं. काच, माती, झाडं, दिवा, दोन झाकणं मिळून पाच हजारांच्या आत खर्च. पेटीपेक्षा वाया गेलेल्या झाडा-मातीचं दुःख जास्त.

आणि एक. रानातून कोळी पकडून आणू नका. १८९९ मध्ये पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने वर्णन केलेला आंध्रातला गुटीचा निळा कोळी आज अतिसंकटग्रस्त आहे, आणि त्याची अख्खी पेसिलोथेरिया प्रजात २०१९ पासून साइट्सच्या (संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट दोनमध्ये आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतले परदेशी प्राणी पाळायचे तर नोंदणी लागते. विकत घेण्याआधी जातीचं नाव यादीत ताडून पाहा. विकणारा शास्त्रीय नाव सांगू शकत नसेल तर तिथूनच परत फिरा.

गेल्या आठवड्यात लग्नासाठी पाच दिवस देवासला होतो. परत आल्यावर पाहिलं तर सगळं जागच्या जागी, फक्त फिटोनियावर नवा ढिगारा. यावेळी मी ती उकरून काढलेली नाही. कडेने एक पान बाहेर आलंय.