मग मघाशी का नाही मेला?
फुटपाथवरच्या ढिगातून ‘नोस्फेरातू’ या जुन्या पिशाच्च-मूकपटाची (१९२२) डीव्हीडी दीडशे रुपयांत उचलली. कंपनीचं नाव जाऊ दे. चित्र निव्वळ काळंपांढरं, आणि तिथेच घोळ. दिग्दर्शक मुर्नाऊने रात्रीचे प्रसंग दिवसाच चित्रित करून प्रिंटवर निळी छटा दिली होती. ती छटाच गायब! त्यामुळे रक्तपिपासू काउंट ऑर्लोक आपली शवपेटी काखोटीला मारून भर उजेडात गावातून हिंडतो आणि शेवटी सकाळच्या उन्हाने त्याचा धूर होतो. आई म्हणाली, “मग मघाशी का नाही मेला?” काय सांगणार!

संगीत म्हणजे एकच ऑर्गन, कुठेही, कसाही. जिन्यावरून चढणारी लांब नखांची सावली मात्र या भिकार प्रतीतही अंगावर आली. ‘ड्रॅक्युला’कार स्टोकरच्या विधवेने, कादंबरी विनापरवाना उचलली म्हणून, कोर्टात जाऊन प्रती नष्ट करायला लावल्या, त्यातून वाचलेला सिनेमा हा. घ्यायचाच तर रंगछटा असलेली आवृत्तीच घ्या.