परसात पेरू लावावा की डाळिंब?

नाशिकमध्ये बंगल्यामागे दोन-तीन झाडांपुरती जागा असली की निवड बहुधा या दोघांवरच येऊन ठेपते. द्राक्षाला मांडव हवा आणि आंब्याची सावली शेजाऱ्याच्या गच्चीवर जाते.

डाळिंबाची बाजू भक्कम आहे. मुरमाड जमिनीत तग धरतं, पाणी कमी लागतं, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘भगवा’ हा वाण रंगाला आणि दाण्याला उजवा. काटे आहेत, बुडातून फुटवे येत राहतात. ते काढत राहावं, बाकी तक्रार नाही.

माझ्या लेखी गाडी अडली ती तेल्या रोगापाशी. पावसाळ्यात पानावर तेलकट ठिपका दिसतो, मग फळावर काळा डाग येतो आणि तो डाग तडकतो. या रोगाचा जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर आणि छाटणीच्या कात्रीबरोबर पसरतो. बागायतदार फवारण्यांचं वेळापत्रक पाळतो. घरी ते जमणं कठीण. फवारणीसाठी एक टक्का बोर्डो मिश्रण करायचं तर १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, तेही प्लास्टिकच्याच बादल्यांत. मग दोन्ही एकत्र. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहायचा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. द्रावण त्याच दिवशी संपवायचं, आणि जोराची सर येऊन गेली की पुन्हा पहिल्यापासून. बाजूला दोरीवर कपडे, वर स्वयंपाकघराची खिडकी, भिंतीवर निळे डाग. शिवाय बहार धरायला, म्हणजे झाडाला एकदम फुलं आणायला, पाणी तोडून ताण द्यावा लागतो. शेजारीच तुळस आणि गुलाबाला रोज पाणी जात असेल तर तो ताण बसणार कसा?

पेरूचं दुखणं म्हणजे फळमाशी. पण ते टाळता येतं. उन्हाळ्याआधीच्या फुलांची फळं ऐन पावसात पिकतात, पाणचट लागतात आणि अळ्याही त्यातच जास्त. म्हणून ती फुलं खुडून टाकावीत आणि मे महिन्यात फांद्यांचे शेंडे निम्म्यापर्यंत छाटावेत. पेरूला फूल नव्या फुटीवरच येतं. जून-जुलैत कळी लागते आणि थंडीत गोड फळ मिळतं. फळ लिंबाएवढं झालं की कागदी पिशवी बांधावी. द्राक्षाच्या घडांना कागद बांधताना पाहिलेल्यांना हे नवीन नाही. खाली पडलेली फळं मात्र रोज उचलायची, नाहीतर अळ्या तिथेच मातीत कोष करतात.

रोप घेताना पिशवी बाजूने थोडी फाडून मुळं बघावीत. मुळांवर गाठी असल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारे बारीक किडे, आहेत. असं रोप फुकट दिलं तरी घेऊ नये. जात ‘सरदार’ पुरेशी आहे. खड्डा २ फूट लांब, रुंद, खोल. काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून तळाशी मुरूम, वर मातीत दोन घमेली कुजलेलं शेणखत. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्यावा. शेंडा दोन-सव्वादोन फुटांवर खुडून तीन-चार फांद्या चहूकडे ठेवाव्यात, म्हणजे पुढे पिशव्या बांधायला शिडी लागत नाही.

सिन्नर, येवला, मालेगावकडे पाऊस कमी आणि हवा कोरडी. तिकडे घर असेल, जागा भिंतीपासून लांब असेल आणि फवारणीचा कंटाळा नसेल, तर डाळिंबाला नाही म्हणणार नाही. त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला मात्र पेरूच लावा.