माणदेशी तरंग ९०.४, म्हसवड - पुण्यामुंबईचा एफएम समजून लावाल तर फसाल

आधीच सांगून टाकते, हिंदी पिच्चरची नवी गाणी, फोनवरून कुणाची तरी फिरकी घेणारा आरजे, दर दहा मिनिटांनी बिल्डरची जाहिरात असला मसाला पाहिजे असेल तर हे स्टेशन तुमच्यासाठी नाहीच. माझं सासर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं, म्हसवडला येणंजाणं असतं, तिकडे स्वयंपाकघरात नाहीतर टपरीवर हे कानावर पडायचं आणि आता तिकडे गेले की मी स्वतःच लावते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो स्टेशनसाठी नाही, दिल्लीसाठी, ते खाली येईलच.

सगळ्यात भारी काय तर ओव्या. जात्यावरची ओवी म्हटलं की आपल्याला शाळेतला मराठीचा तास आठवतो, इथे मात्र ओवी म्हणणाऱ्या आजी शाळेत न गेलेल्या, आणि ओवी जुनीच पाहिजे असं काही नाही, जे चाललंय त्यावर रचायची आणि माईकसमोर म्हणायची. करोनात हात धुवायचं, तोंड झाकायचं हेसुद्धा ओवीत बसवून सांगितलं गेलं. सरकारी जिंगल आणि ही ओवी यातलं बायका कुठलं ऐकतील हे काय सांगायला पाहिजे का. बाकी मग शेती, शेळ्यामेंढ्या, बायकांच्या तब्येतीच्या गोष्टी, बचत, कर्ज, गावोगावचे गाणारे वाजवणारे. आणि बोली अस्सल, न्हाय, हाय, लई, कशापायी सगळं बिनधास्त, कुणी निवेदकाचा कोट घालून बोलत नाही. मला पुण्यात राहून प्रमाण मराठीची सवय लागलीय तरी पहिल्या दोन मिनिटात कान सरावतात.

हे स्टेशन आलं कुठून ते कळलं की असं का वाजतं तेही कळतं. मूळ संस्था माणदेशी फाउंडेशन, चेतना सिन्हांची. मुंबईच्या बाई, लग्न करून म्हसवडला आल्या. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायला रोजचे थोडे थोडे पैसे साठवायचे होते आणि एवढ्याशा रकमेसाठी कुठली बँक खातं उघडेना, तिथून बायकांची स्वतःची बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. मग ह्या बायका लिहावाचायला शिकल्या आणि परत गेल्या, म्हणाल्या व्याजाचा हिशोब घाला, आम्ही तोंडी करतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ साली बँक उभी राहिली. त्याच संस्थेनं २००८ मधे रेडिओ काढला, त्यामुळे इथे पैशाबद्दल बोलतात ते व्याज, हप्ता, बचत असं थेट बोलतात, उगाच ज्ञान पाजळत नाहीत.

२००८ लाच का, तर त्याआधी बरीच वर्षं अशा संस्थांना परवानगीच नव्हती. सुप्रीम कोर्टानं १९९५ मधेच सांगितलं होतं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, पण सरकारनं कम्युनिटी रेडिओ, म्हणजे आसपासच्या गावांपुरता तिथल्याच लोकांसाठीचा छोटा रेडिओ, आधी २००२ मधे फक्त शिक्षणसंस्थांना दिला आणि सामाजिक संस्थांना दार उघडलं २००६ च्या शेवटी. तेलंगणातल्या पस्तापूरचा संघम रेडिओ, देशातला संस्थेनं चालवलेला पहिला, तोही ऑक्टोबर २००८ चाच. म्हणजे म्हसवडचं स्टेशन पहिल्या फळीतलं बरं का.

आता दुखणं. ट्रान्समीटर ५० वॅटचा आणि अँटेनानं एकवटून टॉवरवरून निघणारी ताकद साधारण १०० वॅट एवढीच कायद्यानं मिळते, म्हणजे आपल्या घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी! कुठलाही कम्युनिटी रेडिओ सपाटीवर दहापंधरा किलोमीटर गेला तर गेला, मधे डोंगर आला की संपला. ते चालतं एकवेळ, उलट त्यामुळेच स्टेशन गावाचं राहतं. खरा राग मला बातम्यांचा आहे. यांना स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. हवामान सांगा, परीक्षा सांगा, प्रशासन कळवेल ते पाण्याचं नि लायटीचं सांगा, पण टँकर येणार हे सांगता येतं आणि आला नाही तर का आला नाही हे विचारलं की ती बातमी झाली. माणसारख्या तालुक्यात, जिथं दुष्काळात जनावरांसाठी चारा छावण्या लावाव्या लागतात, ह्याच संस्थेनं म्हसवडला लावलीय, तिथं यापेक्षा मोठा विषय दुसरा कुठला? पेपरला चालतं, यूट्यूबवर कुणीही माईक घेऊन उभा राहतो, फक्त रेडिओच काय तो धोकादायक! हाच तो अर्धा मार्क.

पैशाचंही तसंच. जाहिरात सुरुवातीला तासाला पाचच मिनिटं, २०२४ पासून बारा झाली, सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदाला ५२ वरून ७४ रुपये झाला. त्यात पगार, लाईटबिल, मशीन दुरुस्ती करा. म्हणून अशा छोट्या स्टेशनांना एकूणच प्रायोजित कार्यक्रमांवर जगावं लागतं, आणि योजनांची माहिती परिपत्रकासारखी वाचून दाखवली की मी तरी कुठलंही स्टेशन असो, सरळ चहा टाकायला उठते.

ऐकायचं कसं, तर म्हसवडच्या आसपास गेल्यावर ९०.४ लावा. बारामतीच्या वसुंधरा वाहिनीचा नंबरही ९०.४ च आहे, गोंधळू नका, रेंज छोटी असल्यानं एकच नंबर दोन गावांना पुरतो. मोबाईलवर एफएम असेल तर वायरवाला इअरफोन लागतो, ती वायरच अँटेना असते, ब्लूटूथवर हे जमत नाही आणि हल्लीच्या बऱ्याच फोनमधे एफएम नसतोच. सेलवरचा ट्रान्झिस्टर बेस्ट. आमच्या सासूबाईंकडे आहे एक, पण तो मलाच हात लावू देत नाहीत तर तुम्हाला काय देणार.