डी-आकाराचं हातजाळं: खळाळात झकास, डोहात कुचकामी

नदीच्या तळाचे जीव तपासायला हे डी-आकाराच्या चौकटीचं हातजाळं घ्यावं का, असं कुणी विचारलं तर मी 'घ्या' म्हणतो. पण ते कुठे चालतं आणि कुठे फसतं, ते आधी ऐका.

माझ्याकडचं जाळं 500 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांचं आहे. खळाळात, म्हणजे गोट्यांवरून वेगाने वाहणाऱ्या उथळ पाण्यात, ते अप्रतिम चालतं. चौकटीची सपाट कड गोट्यांना टेकवायची, तोंड वाहत्या पाण्याकडे करायचं आणि त्याच्यापुढचा तळ पायाने ढवळायचा. पुढचं काम पाणीच करतं. ट्रेमध्ये ओतलं की पाण्यात वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्या वळवळताना दिसतात: चपट्या अंगाच्या मेफ्लायच्या, स्टोनफ्लायच्या आणि माझ्या लाडक्या हायड्रोसायकी या कॅडिसफ्लायच्या. हायड्रोसायकीची अळी गोट्यांमध्ये रेशमी जाळं विणून वाहतं अन्न गाळते. त्याच धाग्यांनी खडी एकमेकींना बांधली जाते आणि प्रवाहात ती सहज हलत नाही. म्हणजे नदी किड्याला घर देते आणि किडाही नदीचा तळ सावरतो. (आणि आपण लाथ मारून तेच उसवतो. असो.)

डोहात मात्र सगळंच बिनसतं. प्रवाह नसल्याने जाळं स्वतः ओढावं लागतं, गाळाने छिद्रं बुजतात आणि आत आलेलं पाणी जिवांसकट उलटं बाहेर पडतं. हाती लागतात त्या बहुतेक कायरोनोमिड या डासासारख्या, न चावणाऱ्या माशीच्या लाल अळ्या. त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी ऑक्सिजनच्या गाळातही त्या तगतात. 250 मायक्रॉनची पिशवी लावली तर बारकी पिल्लं निसटत नाहीत, पण ती आणखी लवकर तुंबते.

माझी खरी तक्रार सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल आहे. त्यात फक्त खळाळाची पद्धत दिली आहे, जणू नदी म्हणजे खळाळच. नदी-परिसंस्थेचे अभ्यासक रॉबिन व्हॅनोट आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्येच मांडलं होतं की उगमाजवळ झाडांच्या सावलीत पालापाचोळा कुरतडणारे जीव जास्त, मधल्या उजेडाच्या पट्ट्यात गोट्यांवरचं शेवाळ खरवडणारे वाढतात आणि खाली रुंद पात्रात बारीक कण गोळा करणाऱ्यांचं राज्य असतं. वाटेत धरण आलं की हा क्रम तुटतो, हे वॉर्ड आणि स्टॅनफर्ड या संशोधकांनी 1983 मध्ये मांडलं. तेव्हा खळाळ, डोह, अडकलेल्या पाल्याचे ढीग, काठची मुळं अशा जागांचे नमुने वेगवेगळे घ्या आणि वेगळ्या डब्यांत ठेवा. एकत्र केलेत तर कोण कुठे राहत होतं तेच कळत नाही.

शिवणीत अळ्या अडकतात, त्यामुळे दर वेळी पिशवी उलटी करून धुवा. घेताना ती चौकटीपासून सुटी होते का तेही बघा. न्यूझीलंडची चिमुकली चिखल-गोगलगाय ओल्या साधनांवरूनही नव्या नद्यांत पोहोचते, आणि सुटी न होणारी पिशवी वाळता वाळत नाही.