‘कंपनी फिनिश’ या दोन शब्दांची किंमत

२०२४ च्या ऑक्टोबरात, गणेशोत्सवासाठी आलेले चाकरमानी मुंबईला परतल्यावर, आम्ही आमच्या चारही मिनीबस धुवायला काढल्या. तिसऱ्या बसचा मागच्या चाकावरचा पत्रा आतून फुगल्यासारखा दिसत होता. मेस्त्रींनी त्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली, तेव्हा पत्र्याचा खणखणीत आवाज येण्याऐवजी ओल्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तसा आवाज आला. मग त्यांनी टोक टेकवून जरासा दाब दिला आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बस रस्त्यावर येऊन तेव्हा पुरे दीड वर्षही झाले नव्हते.

आम्ही कुडाळ आणि मालवण या दोन तालुक्यांतले अकरा जण आहोत. त्यांपैकी आठ जण पूर्वी दुसऱ्यांच्या गाड्यांवर चालक होते. मी निवृत्त शिक्षक असून हिशेब लिहितो, म्हणून खजिनदारी माझ्याकडे आली. कोकण रेल्वेचा मार्ग किनाऱ्यापासून बराच आतून गेला आहे. मालवणला उतरायचे तर कुडाळ, देवगडला जायचे तर कणकवली, गुहागरला चिपळूण आणि दापोलीला खेड अशी स्थानके आहेत, आणि स्थानकापासून गावापर्यंतचा शेवटचा तास–दीड तास हाच प्रवाशाचा खरा त्रास असतो. टप्प्याटप्प्याने तिकीट घेऊन माणसे नेणे हे एसटीचे काम असल्याने आम्ही कंत्राटी वाहतुकीचा परवाना घेऊन दोन शाळा, एक महाविद्यालय आणि किनाऱ्यावरची काही निवासस्थाने यांच्याशी करार केले, आणि त्यासाठी चार नव्या बस घ्यायचे २०२२ च्या दिवाळीनंतर ठरले.

गाडी निवडताना आम्ही निष्काळजी होतो असे कोणी म्हणू नये. समोरून एसटी आली की वाडीच्या रस्त्यावर बाजूला घ्यायला जागा नसते, म्हणून व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, आखूड हवा. जांभ्याच्या चढावर पावसात चाक फिरू नये म्हणून मागे जोडटायर हवेत. म्हाताऱ्या माणसांना चढता यावे म्हणून पायरी खाली हवी, पण साकवाच्या उंचवट्यावर ती घासताही कामा नये, अशा सगळ्या गोष्टींचा आम्ही महिनाभर खल केला. एका सदस्याने तर आपल्या आईला तीन वेगवेगळ्या बसमध्ये चढायला लावून पायरीची उंची टेपने मोजून आणली होती. इंजिन, गिअर, ब्रेक यांविषयीचे आमचे निर्णय आजही बरोबर ठरले आहेत. आम्ही फसलो ते चाकांच्या वर.

विक्रेत्याच्या वतीने आलेला मध्यस्थ आमच्याच बोलीत बोलणारा, नम्र आणि वेळ पाळणारा माणूस होता. त्याने चाचणीसाठी जी बस आणली ती उत्पादकाने आपल्याच कारखान्यात पूर्ण बांधलेली होती. सर्व आसनांवर आम्ही बसलो, मधल्या जागेत तांदळाची पोती ठेवली आणि आंबोली घाट चढून उतरलो. बस कुठे कुरकुरली नाही, खिडकीची काच थरथरली नाही. खाली उतरल्यावर आमच्यातल्या बहुतेकांचा निर्णय झालेला होता.

आठ दिवसांनी कोटेशन आले, आणि त्यात किंमत आम्ही धरली होती त्यापेक्षा बसमागे एक लाख साठ हजार रुपयांनी कमी होती. त्याचे कारण मध्यस्थाने असे सांगितले की, कारखान्यातून तयार बस यायला उशीर लागतो, त्याऐवजी चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांसह गाडीचा खालचा पाया, घेऊन घाटावरच्या एका मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरकडून बॉडी बांधून घेऊ, आणि ती अगदी चाचणीच्या बससारखीच असेल. कोटेशनमध्ये शब्द होते: ‘वीस आसनी, कंपनी फिनिश बॉडी’. मी शिक्षक असूनही ‘कंपनीची बॉडी’ आणि ‘कंपनी फिनिश बॉडी’ यांतला फरक त्या दिवशी वाचला नाही. पहिल्याचा अर्थ उत्पादकाने बांधलेली आणि त्याच्या हमीखाली येणारी बॉडी असा होतो. दुसऱ्याचा अर्थ, खरे पाहता, काहीच होत नाही.

यात बेकायदेशीर असे काही नव्हते, हे आधी स्पष्ट करतो. चासीवर बाहेर बॉडी बांधून घेणे ही आपल्याकडची जुनी आणि रीतसर पद्धत आहे. चालक सोडून तेरा किंवा अधिक प्रवासी बसतील अशा बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२ नावाची संहिता आहे. तिच्याप्रमाणे बॉडीच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी लागते. नोंदणीच्या वेळी नमुना २२-अ हे नियमपालनाचे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या पहिल्या भागावर चासीच्या उत्पादकाची आणि दुसऱ्या भागावर बॉडी बांधणाऱ्याची सही असते. ही सगळी कागदपत्रे आमच्याकडे होती. बसचे पासिंगही विनाअडथळा झाले. म्हणूनच आम्हाला शंका आली नाही.

पैसे देताना मात्र आली पाहिजे होती. चासीची रक्कम बँकेने कर्जातून थेट विक्रेत्याला दिली. बॉडीचे बसमागे सहा लाख ऐंशी हजार रुपये आम्ही आमच्या ठेवींतून तीन हप्त्यांत दिले. कोटेशनवर ज्या बॉडी बिल्डरचे नाव होते, त्या नावाशी जुळणाऱ्या पण शेवटचा शब्द वेगळा असलेल्या एका खात्यात ती रक्कम गेली. मी विचारले तेव्हा मध्यस्थ म्हणाला, “गुरुजी, भावाभावांच्या दोन फर्म आहेत, जीएसटीसाठी वेगळं खातं ठेवलंय.” ज्याला हिशेबाची सवय आहे त्याने या वाक्यावर थांबायला हवे होते. मी तो खुलासा वहीत लिहून ठेवला आणि बँकेत गेलो.

बॉडी बांधून होत असताना दोनदा येतो असे आम्ही ठरवले होते. पहिल्या वेळी करूळ घाटातला रस्ता बंद होता, दुसऱ्या वेळी “आज कामगार सुटीवर आहेत” असा फोन आला. मार्चअखेर आम्ही गेलो तेव्हा चारही बसना पत्रा लागून रंगाचा पहिला हात झालेला होता. शेडवर नामफलक नव्हता. आम्ही आसनांचे कापड, पडदे, सामानाच्या फळ्या पाहिल्या, चहा घेतला आणि परतलो. सांगाडा पाहण्याची वेळ निघून गेली होती; आणि आता वाटते, ती जाणूनबुजूनच घालवली गेली होती.

मे २०२३ मध्ये बस आल्या. जूनच्या पहिल्या पावसातच दोन बसची छते गळू लागली. मध्यस्थाने माणूस पाठवून सिलिकॉन भरून घेतले, आणि तेवढ्या तत्परतेवर आमचे समाधान झाले. आरसी हातात आल्यावर दोन गाड्यांच्या उत्पादनाचे वर्ष २०२१ दिसले. विचारता “नोंदणीचं वर्षच धरतात” असे उत्तर मिळाले. ते खरे नाही; गाडी विकायला काढली की घेणारा उत्पादनाचे वर्ष आधी बघतो. १ एप्रिल २०२३ पासून भारत स्टेज सहा या प्रदूषणविषयक निकषांचा दुसरा टप्पा लागू होणार होता आणि त्याआधीच्या महिन्यांत जुना साठा हलवण्याची विक्रेत्यांना घाई असणे स्वाभाविक होते, हे गणित मला नंतर सुचले. चासी क्रमांक सतरा अंकाक्षरांचा असतो आणि बऱ्याच उत्पादकांच्या क्रमांकात दहावे अक्षर वर्ष सांगते: एम म्हणजे २०२१, एन म्हणजे २०२२, पी म्हणजे २०२३. आमच्या दोन गाड्यांवर एम होता. चासीचे पैसे देण्यापूर्वी तो क्रमांक मागवून घेतला असता, तर तो वाचायला अर्धे मिनिटही लागले नसते.

आता त्या ऑक्टोबरच्या दिवसाकडे येतो. मेस्त्री एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले आहेत, आणि खरेदीच्या वेळी त्यांना बरोबर न्यावे असे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते. त्यांनी आतले अस्तर सोडवले आणि सांगाडा उघडा केला. कोटेशनमध्ये दोन मिलिमीटर जाडीचे, जस्ताचा थर दिलेले म्हणजे जीआय बॉक्स पाइप लिहिले होते. पाइप चांदीसारखा चकचकत होता खरा, पण मेस्त्रींनी नखाने खरवडल्यावर ती चकाकी पापुद्र्यासारखी निघाली आणि खाली लालसर गंज दिसला. साध्या काळ्या पाइपला रुपेरी रंग मारलेला होता. लोहचुंबक दोन्ही प्रकारच्या पाइपला चिकटते, त्यामुळे त्याने हा फरक कळत नाही. मात्र चाकावरच्या पत्र्याला ते जागोजागी धरेना, कारण तिथे पत्र्यावर बोटभर पुट्टी थापलेली होती. एक तुकडा कापून व्हर्निअरने मोजला तेव्हा जाडी १.२ मिलिमीटर भरली. चाकांच्या कमानींना खालून अंडरकोटिंग, म्हणजे गंजापासून वाचवणारा लेप, नव्हताच, आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर प्रायमरचा हातसुद्धा फिरवलेला नव्हता.

घाटावर अशी बॉडी कदाचित चार–पाच वर्षे ओढली गेली असती. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जांभ्याचा लाल चिखल कमानीत जाऊन बसतो आणि ओलावा धरून ठेवतो, आणि देवबाग–तारकर्लीच्या बाजूला रात्री उभी केलेली गाडी सकाळी खाऱ्या वाऱ्याने चिकट झालेली असते. तुकडा माझ्या हातात देत मेस्त्री म्हणाले, “गुरुजी, पत्रो बघितल्यात, पण पत्र्याच्या आत काय आसा ता खंय बघितल्यात?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

चासीच्या उत्पादकाला लिहिले. त्यांनी कळवले की इंजिन आणि चासी यांची हमी कायम आहे, बॉडी त्यांनी बांधलेली नाही. हे बरोबरच होते. मग कोटेशनवर नाव असलेल्या बॉडी बिल्डरकडे मी स्वतः गेलो. त्यांच्या नोंदवहीत आमच्या चासी क्रमांकांपैकी एकही नव्हता, आणि नमुना २२-अ च्या दुसऱ्या भागावरची सही आपल्या कोणाचीही नाही असे त्यांनी लेखी दिले. म्हणजे मान्यता एकाची, खाते दुसऱ्याचे आणि काम तिसऱ्याच शेडमधले. मध्यस्थाचा दूरध्वनी त्यानंतर लागलेला नाही. विक्रेत्याचे म्हणणे असे की तो त्यांचा नोकर नव्हता, केवळ ग्राहक आणून देत असे.

जे कोणी अशी खरेदी करणार असतील त्यांना माझी विनंती आहे की, चाचणीला आणलेली बस आणि मिळणारी बस एकाच ठिकाणी बांधली जाणार आहे का, हे पहिल्याच दिवशी लेखी विचारावे. बाहेर बॉडी बांधायची असेल तर मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत मध्यस्थाकडून न घेता स्वतः बॉडी बिल्डरच्या कार्यालयात जाऊन घ्यावी, आणि कोटेशन, बिल, बँक खाते व नमुना २२-अ या चारही ठिकाणचे नाव अक्षरशः एकच असल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये. शेवटचा मोठा हप्ता सांगाडा उभा राहिल्यावर, पत्रा लावण्यापूर्वी, पाइप मोजून मगच द्यायचा अशी अट करारात घालावी. प्रामाणिक बॉडी बिल्डर तिला नकार देत नाही, याची आता मी चार जणांना विचारून खात्री केली आहे. टायरच्या कडेवरील शेवटचे चार अंकही बघावेत. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, आणि ‘नव्या’ गाडीची स्टेपनी पुष्कळदा खरे बोलते. आमची स्टेपनी बोलत होती, आम्ही तिचे आवरण काढले नव्हते.

तक्रार करण्यातही एक अडचण आहे, ती आधी ठाऊक असलेली बरी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतली असेल तर त्याला अपवाद आहे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे असते. आम्हाला बिघाड कळला तेव्हाच डिलिव्हरीला सतरा महिने झाले होते, त्यामुळे मुदतीविषयी वाद नको म्हणून मार्च २०२५ मध्ये, दोन वर्षे पुरी होण्याआधीच, आम्ही बॉडीच्या रकमेपुरती जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली. देवघेवीची रक्कम पन्नास लाखांच्या आत असल्याने ती तिथेच चालते. पोलिसांकडे खोट्या सहीविषयी वेगळा अर्ज दिला आहे.

विक्रेत्याने आयोगासमोर पहिलाच आक्षेप असा घेतला आहे की, चार बस घेणारी मंडळी ग्राहक नसून व्यावसायिक आहेत. आमच्यापैकी आठ जण स्वतः त्या बस चालवतात आणि त्यांच्या घरांना दुसरे उत्पन्न नाही, हे दाखवण्यासाठी मी सध्या त्यांच्या परवान्यांच्या आणि बँक पुस्तकांच्या प्रती जमवतो आहे. दोन बसचे सांगाडे मेस्त्रींच्या देखरेखीखाली बदलून झाले, बसमागे दोन लाख चाळीस हजार खर्च आला. तिसरी, जिच्या पत्र्यातून स्क्रूड्रायव्हर आत गेला ती, तपासणी होईपर्यंत तशीच ठेवा असे वकिलांनी सांगितल्यामुळे शाळेच्या आवारात ताडपत्रीखाली उभी आहे, आणि तिचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो.