रोममधलं कीट्स-शेली हाउस आणि तेस्ताच्चोची दफनभूमी: जाताना कविता बरोबर घ्या

स्पॅनिश स्टेप्सवर टूरची बस अर्धा तास थांबते. होडीच्या आकाराच्या कारंज्यापाशी फोटो, एखादं आइस्क्रीम, की निघाले. पायऱ्यांकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला, पायऱ्यांना अगदी खेटून एक गुलाबीसर इमारत दिसते. पत्ता पियात्सा दि स्पान्या, क्रमांक २६. या इमारतीतल्या कोपऱ्याच्या खोलीत २३ फेब्रुवारी १८२१ च्या रात्री अकराच्या सुमारास इंग्रज कवी जॉन कीट्स क्षयाने वारला. वय २५. आज तिथे कीट्स-शेली हाउस हे छोटं संग्रहालय आहे. इंग्रजी कविता मनापासून वाचणाऱ्याने अर्धा दिवस राखून ठेवावा इतकी ही जागा मोलाची आहे, फक्त तिथे रिकाम्या हाताने जाऊ नये.

रिकाम्या हाताने का नाही, तर कीट्सने या घरात एकही कविता लिहिली नाही. १५ नोव्हेंबर १८२० ला तो रोमला पोचला, तेव्हा त्याचं लिहिणं थांबलेलं होतं. ३० नोव्हेंबरला मित्र चार्ल्स ब्राउनला लिहिलेलं पत्र हे त्याचं हाती असलेलं शेवटचं पत्र. खरं आयुष्य संपून गेलंय आणि आपण मरणानंतरचं काहीतरी जगतोय, असं त्यात त्याने लिहिलंय. मृत्यूशी त्याचा जो काही झगडा शब्दांत झाला तो त्याआधी, इंग्लंडमध्ये, १८१८ आणि १८१९ या दोन वर्षांत. तो कसा मेला हे या खोलीत कळतं, पण मरणाकडे त्याने कसं पाहिलं ते कवितांतच शोधावं लागतं. दोन्ही एकत्र आणायचं काम पाहणाऱ्याचं.

म्हणून आधी प्रिंट काढा. या सगळ्या कविता स्वामित्वहक्काच्या बाहेर आहेत, इंटरनेटवर फुकट मिळतात. 'व्हेन आय हॅव फिअर्स' हे सुनीत १४ ओळींचं, 'ओड टू अ नाइटिंगेल' ८० ओळींचं, 'टू ऑटम' ३३ ओळींचं आणि 'धिस लिव्हिंग हँड' हा तुकडा जेमतेम ८ ओळींचा. जोडीला शेली या दुसऱ्या इंग्रज कवीच्या 'अडोनेस'मधली ३९ ते ५५ ही कडवी. मोठ्या टायपात काढा. मोबाइलवर ओळी मध्येच तुटतात, आणि या कवितांत ओळ कुठे तुटते यावरच अर्थ उभा आहे.

घरात जिना चढून जायचं. खोल्या मोजक्याच आहेत, पुस्तकांच्या कपाटांनी भरलेल्या. ग्रंथसंग्रह आठ हजारांच्या घरातला. कवी बायरनचा मेणाचा मुखवटा, केसांच्या बटा, हस्तलिखितं हे सगळं आहे, पण वेळ कमी असेल तर त्यावरून नजर फिरवून सरळ कोपऱ्यातल्या खोलीत जा. खोली अरुंद आहे. पलंग पाहून गहिवरून येण्याआधी एक लक्षात ठेवा: तो कीट्सचा नाही. क्षय संसर्गजन्य मानून रोमच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे खोलीतलं सामान जाळून टाकलं होतं आणि भिंती खरवडल्या होत्या. त्या काळचं खरंखुरं उरलंय ते छत आणि शेकोटी. छतावर चौकटींत फुलं आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसभर दिसायचं ते हेच. पलंगापेक्षा छताकडे जास्त वेळ बघा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे जोसेफ सेव्हर्नने काढलेलं चित्र. सेव्हर्न हा चित्रकार मित्र कीट्सची शुश्रूषा करायला बरोबर आला होता. २८ जानेवारी १८२१ ला पहाटे तीन वाजता, स्वतःला झोप लागू नये म्हणून त्याने झोपलेल्या कीट्सचा चेहरा कागदावर उतरवला. कपाळाला चिकटलेले केस, खोल गेलेले डोळे, मागे दाट सावली. रात्रभर याला मरणाचा घाम फुटला होता, असं त्याने खाली लिहून ठेवलंय. डॉक्टर जेम्स क्लार्कने सुरुवातीला दुखणं पोटाचं धरलं आणि खाणं तोडलं. दिवसाला एक अँचोव्ही मासा आणि पावाचा तुकडा, वर शिरेतून रक्त काढणं. शवविच्छेदनात फुप्फुसं जवळजवळ शिल्लकच नव्हती. कीट्स स्वतः लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये शिकलेला, १८१६ मध्ये वैद्यकीचा परवाना मिळवलेला. धाकटा भाऊ टॉम १ डिसेंबर १८१८ ला क्षयाने गेला तो याच्याच डोळ्यांदेखत. ३ फेब्रुवारी १८२० ला खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा मेणबत्ती जवळ घेऊन त्याने रंग पाहिला आणि सांगितलं की हे धमनीतलं रक्त आहे, हा माझ्या मरणाचा हुकूम. हे माहीत असलं की त्याच्या कवितेतलं मरण नुसतं कल्पनेतलं राहत नाही.

आता कागद काढा. सुरुवात सुनीतापासून करा, कारण ते सगळ्यात आधीचं, जानेवारी १८१८ चं. केशवसुतांनी मराठीत आणलेला हा प्रकार आपल्याला परका नाही. शेक्सपिअरच्या पद्धतीत चार-चार ओळींच्या तीन चौकड्या आणि शेवटी द्विपदी. पहिल्या, पाचव्या आणि नवव्या ओळीत 'जेव्हा' येतो. जेव्हा वाटतं की डोक्यातलं सगळं पीक कणगीत भरायच्या आधीच आपण संपू, जेव्हा रात्रीचं चांदण्यांनी भरलेलं तोंड दिसतं, जेव्हा वाटतं की तू पुन्हा दिसणार नाहीस. वाचणारा 'तेव्हा'ची वाट बघत राहतो. नियमाने तो तेराव्या ओळीत, द्विपदीच्या तोंडाशी यायला हवा. कीट्स तो बाराव्या ओळीच्या मध्यावरच आणतो. तिसरी चौकडी पुरी व्हायच्या आत तुटते. आयुष्य अर्ध्यावर तुटण्याची भीती सांगणारी कविता स्वतःच्या बांधणीत तेच करते. उरलेल्या अडीच ओळींत तो जगाच्या किनाऱ्यावर एकटा उभा राहून विचार करतो, प्रेम आणि कीर्ती दोन्ही बुडून शून्य होईपर्यंत. दिलासा कुठेच नाही.

'नाइटिंगेल' मे १८१९ ची. दहा ओळींची आठ कडवी. मराठीत आपण मात्रा किंवा अक्षरं मोजतो, इथे आघात, म्हणजे जोर देऊन म्हटली जाणारी अक्षरं मोजायची. प्रत्येक ओळीत पाच, फक्त आठव्या ओळीत तीन. ती आखूड ओळ नीट सांभाळून वाचा. नेहमी चुकतं ते सहाव्या कडव्यात. 'हाफ इन लव्ह विथ ईझफुल डेथ' एवढाच तुकडा उचलून कीट्स मरणाच्या प्रेमात होता असं सांगितलं जातं. पुढच्या ओळी कोणी वाचत नाही. मध्यरात्री वेदना न होता संपून जाणं किती सुखाचं, पक्षी जीव ओतून गातोय, आणि आठवी, आखूड ओळ येते: इतक्या आनंदात. लगेच नवव्या ओळीत तो म्हणतो, तू गातच राहशील, पण माझे कान कामाचे नसतील. दहावी ओळ 'सॉड' या शब्दावर आपटते. सॉड म्हणजे मातीचं ढेकूळ. आणि त्याचं यमक जुळतं ते सातव्या ओळीतल्या 'अब्रॉड'शी, म्हणजे गाणं जिथे दूरवर पसरत होतं त्या शब्दाशी. पसरणारा सूर आणि ढेकूळ एका यमकात बांधून कीट्स स्वतःच्याच मोहाला उत्तर देतो: मेलो तर हे गाणं ऐकायला मी असणार नाही. कडवं मोठ्याने वाचलं की हे कानाला कळतं. कारंजं खालीच आहे, चौक शांत असेल तर खिडकीशी पाण्याचा आवाजही येतो.

'टू ऑटम' खोलीत वाचू नका. ती १९ सप्टेंबर १८१९ ची, विंचेस्टरच्या शेतांवरची, आणि तिला मोकळी जागा लागते. कीट्सला जिथे पुरलंय त्या तेस्ताच्चो भागातल्या दफनभूमीसाठी ती ठेवा.

स्पान्या स्थानकावरून ए मेट्रो घ्या. तिसरं स्थानक तेर्मिनी, तिथे बी मार्गावर बदला, आणि पुढचं चौथं स्थानक पिरामिदे. बाहेर पडल्यावर ३६ मीटर उंचीचा केस्तियसचा पिरॅमिड, एक प्राचीन रोमन थडगं, समोरच आहे. त्याला वळसा घालून गेलं की व्हिया कायो चेस्तियोवर दफनभूमीचं दार लागतं. इथे तिकीट नसतं, देणगी ठेवायची असते. वेळा मात्र सांभाळाव्या लागतात. घर रविवारी बंद असतं आणि दुपारी एक ते दोन त्याला सुट्टी असते. दफनभूमी रविवारी दुपारी एकलाच बंद होते आणि इतर दिवशी साडेचारनंतर आत घेत नाहीत. म्हणून सकाळी दहाला घर आणि जेवून झाल्यावर दफनभूमी, हा क्रम सगळ्यात सोयीचा. निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही संकेतस्थळांवर वेळ तपासून घ्या.

आत गेल्यावर चूक होते ती अशी: लोक समोरच्या दाट, उतारावरच्या भागात कीट्सला शोधत फिरतात. तो तिथे नाही. दारातून डावीकडे वळा. जुना भाग म्हणजे हिरवळीचा मोकळा तुकडा, पिरॅमिडच्या सावलीतला. त्याच्या कोपऱ्यात दोन दगड शेजारी-शेजारी आहेत. एकावर तारा तुटलेलं ग्रीक वाद्य, दुसऱ्यावर, म्हणजे सेव्हर्नच्या दगडावर, रंगांची तबकडी आणि कुंचले. वाद्याच्या दगडावर नावच नाही. कीट्सने फक्त एक ओळ मागितली होती: ज्याचं नाव पाण्यावर लिहिलं होतं असा एक जण इथे आहे. सेव्हर्न आणि ब्राउन यांनी त्यावर शत्रूंच्या दुष्टपणाबद्दल, मनातल्या कडवटपणाबद्दल आणखी ओळी घातल्या. ब्राउनला पुढे त्याचा पश्चात्ताप झाला, आणि तो योग्यच होता. मूळ ओळीत तक्रार नाही. पाणी म्हटलं की वाहून जाणं आलं, त्यात कोणाला दोष द्यायचा? दगडावर तारीख २४ फेब्रुवारी आहे, कारण तेव्हा रोममध्ये दिवस संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेपासून मोजत, आणि रात्री अकरा म्हणजे दुसरा दिवस.

इथे बाकावर बसून 'टू ऑटम' वाचा. कीट्सच्या बाकीच्या बहुतेक ओडांची, म्हणजे 'नाइटिंगेल'सारख्या संबोधनपर कवितांची, कडवी दहा ओळींची, इथे अकराची. नववी आणि दहावी ओळ आपसांत यमक जुळवतात, त्यामुळे आधीच्या एका ओळीचं यमक लांबणीवर पडतं आणि अकराव्या ओळीत जुळतं. सरत चाललेल्या ऋतूला कवी एक ओळ जास्त थांबवून ठेवतो. कवितेत मरण हा शब्द आडून येतो: दिवस हळूच मरतो, चिलटं रडतात. शेवटी पाखरं जमतात आणि किलबिलतात. जायची तयारी आहे, पण ती अजून गेलेली नाहीत. मृत्यूबद्दल इतकं शांतपणे इंग्रजीत फार थोड्यांनी लिहिलंय.

मग शेली. त्याच्यासाठी चढ चढून वरच्या भिंतीपर्यंत जायचं, कारण त्याच्या वेळी जुना भाग नव्या दफनांना बंद झाला होता. 'अडोनेस' ही कीट्सवरची विलापिका, १८२१ मध्ये पिसात लिहिलेली, ५५ कडवी, प्रत्येक कडव्याची नववी ओळ इतरांपेक्षा लांब. कीट्सला टीकाकाराच्या लेखाने मारलं, हा गैरसमज पक्का करण्यात या कवितेचा मोठा हात आहे. मारलं क्षयाने. तेवढं बाजूला ठेवून ३९ व्या कडव्यापासून वाचा. तिथे शोक एकदम उलटतो: तो मेलेला नाही, आपणच स्वप्नात अडकलोय. ४९ व्या कडव्यात तो वाचणाऱ्याला सांगतो, रोमला जा, आणि पुढे हाच पिरॅमिड, हीच जागा येते. शेलीचा छोटा मुलगा विल्यम १८१९ मध्येच इथे पुरला होता, हे लक्षात ठेवून ५१ वं कडवं वाचा. ८ जुलै १८२२ ला शेली समुद्रात बुडाला. प्रेत सापडलं तेव्हा खिशात कीट्सचा कवितासंग्रह होता.

परत खाली, कीट्सच्या दगडापाशी या. 'धिस लिव्हिंग हँड' आता काढा, आधी नको. आठ ओळी. हा ऊबदार हात थंड पडला तर तुझ्या रात्रींना कापरं भरवेल, स्वतःचं रक्त देऊन मला जिवंत करावंसं तुला वाटेल. आणि मग: बघ, हा घे, मी तो तुझ्याकडे करतोय. आठवी ओळ अर्ध्यावर संपते. पाच आघातांची सवय झालेला कान पुढच्या शब्दांची वाट पाहतो, आणि ते येत नाहीत. शेवटच्या घंटेच्या घाईत हे होत नाही, म्हणून दफनभूमीला पुरते दोन तास ठेवा.